पुणे–नागपूर, डावीकडची खिडकी: वाशीमचं पाणी जातं कुठे?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये इअरफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत. सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे विमानाची खिडकी. पुणे ते नागपूर, सरळ रेषेत साधारण ६०० किलोमीटर, हवेत जेमतेम एक तास. बहुतेक लोक या तासात झोपतात किंवा डाउनलोड केलेली सिरीज बघतात. मीही तेच करायचो. पण मागच्या ऑक्टोबरात बाबा सोबत होते आणि त्या एका तासानं आमच्या घरातला एक मोठा वाद निम्मा तरी मिटवला. वाद होता तिसऱ्या बोअरचा. तिकडे येतोच.

वाशीमला जायला नागपूर?

मी मूळचा मालेगाव तालुक्यातला. नाशिकचं मालेगाव नाही हो, वाशीम जिल्ह्यातलं! बी.टेक. झाल्यापासून नोकरी पुण्यात. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यातच झालं, त्यामुळे महिनाभर ते माझ्याकडे होते. तेवढ्यात इकडे सोयाबीन काढणीला आलं. काकाचा रोज फोन, "मजूर मिळून नाही राहिले." बाबांचं चित्त काही फ्लॅटमध्ये लागेना.

आम्ही नेहमी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातो. पण डोळ्यात थेंब चालू होते, धूळ आणि रात्रभराचे धक्के नको म्हणून मी विमान बघितलं. वाशीम जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. नांदेड जवळ पडतं, पण आम्हाला हव्या त्या दिवशी जमेना. मग नागपूर. म्हणजे गंमत बघा, नकाशावर पुणे आणि नागपूर यांच्यात पट्टी ठेवून रेघ मारली तर ती जवळजवळ वाशीम शहराच्या डोक्यावरून जाते. आपण आपल्या गावाच्या बाजूनं उडत पुढे जायचं आणि मग गाडीनं तेवढंच मागे यायचं. बाबा म्हणाले, "हे तं अंगणातून घरात जायाले गावाले चक्कर मारल्यासारखं झालं." खरंय. पण तेच आमच्या पथ्यावर पडलं.

एक सूचना जाता जाता: घरातल्या मोठ्या माणसांचा अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका. आमचा सुरक्षा तपासणीत अडकला. बाबा पुढची दहा मिनिटं माझ्याशी बोलले नाहीत.

खिडकी कुठली घ्यायची

पुण्याहून नागपूरला जाताना डावी. तीन-तीन सीटच्या विमानात ती "ए" सीट. येताना अर्थातच उजवी, म्हणजे "एफ". कारणं दोन. पहिलं म्हणजे बघण्यासारखं बरंच काही रेषेच्या उत्तरेला आहे: नाथसागर, लोणार, समृद्धी महामार्ग. दुसरं म्हणजे सकाळच्या विमानात ऊन उजवीकडून येतं. डावीकडे बसलात की डोळ्यावर ऊन येत नाही आणि जमीन उजळलेली दिसते. फक्त पंखावरची रांग टाळा, नाहीतर तासभर पंखच बघाल.

फोनवर आदल्या दिवशी ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. बऱ्याच जणांना वाटतं फ्लाइट मोडवर जीपीएस बंद होतं. तसं नसतं. जीपीएसमध्ये फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे बहुतेक फोनवर ते चालू राहतं. पण विमानाच्या धातूच्या अंगातून सिग्नल येत नाही, खिडकीतून येतो. म्हणून फोन काचेजवळ धरायचा. आणि हो, पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं विमानतळ आहे. तिथे फोटो-व्हिडिओला मनाई असते. कर्मचारी सांगतील ते ऐका.

विमान रोज अगदी त्याच रेषेवरून जातं असंही नाही. हवामान आणि गर्दीप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होतं. ऑक्टोबरचा फायदा असा की पावसानं हवा धुतलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये तीच हवा धुरकट असते.

आमची व्यवस्था अशी: खिडकीत बाबा, मधल्या सीटवर मी. फोन बाबांच्या हातात, काचेला टेकवलेला. बाबा बघणार बाहेर, मी बघणार स्क्रीन.

अंगठ्याचं माप

वरून बघताना सगळ्यात मोठी अडचण म्हणजे अंदाज चुकतो. तळं आहे की धरण, वावर आहे की अख्खा शिवार, कळत नाही. त्यासाठी दोन सोप्या युक्त्या.

एक: विमान साधारण १० किलोमीटर उंचीवर असतं. समोर बघणं आणि सरळ खाली बघणं याच्या बरोबर मधोमध, म्हणजे ४५ अंशांत जे दिसतं, ते आपल्यापासून बाजूला तेवढंच दूर असतं, १० किलोमीटर.

दोन: हात सरळ लांब करून अंगठा उभा धरा. अंगठा साधारण दोन अंश झाकतो. पंधरा किलोमीटरवर दोन अंश म्हणजे अर्धा किलोमीटर. पाच एकराचं चौरस वावर दर बाजूला १४० मीटरचं असतं. म्हणजे त्या अंतरावर ते अंगठ्याच्या पाव भागाएवढं. बाबांना हे सांगितलं तर ते अंगठा काचेसमोर धरून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "जिंदगी गेली त्यात, अन् हे एवढंच?"

पुणे ते पैठण: हिरवं कुठे आहे ते बघा

टेकऑफनंतर पहिली दहा-पंधरा मिनिटं भीमा-घोडचा भाग. शिरूरच्या आसपास काळपट हिरवे चौकोन दिसतात. मला ते नुसते हिरवे दिसत होते. बाबा एका नजरेत सांगत होते. "हा ऊस. हे पिवळं पडलं ते सोयाबीन, काढाले आलं. अन् ते काळं ते काढून झालेलं." फोन मला फक्त तालुक्याचं नाव सांगत होता.

डावीकडे अहिल्यानगर मागे पडलं की साधारण विसाव्या मिनिटाला नाथसागर येतो, म्हणजे जायकवाडीचा जलाशय. पैठणजवळचं हे धरण १९७६ साली पूर्ण झालं. भिंत शोधू नका, वरून ती बारीक रेघ दिसते. पाण्याचा आकार बघा: उथळ, पसरट, कडा फाटल्यासारख्या. इथे गोदावरीचं खोरं सपाट आहे, खोल दरी नाही, म्हणून पाणी आडवं पसरलंय. पसरलेलं पाणी म्हणजे जास्त पृष्ठभाग, आणि जास्त पृष्ठभाग म्हणजे उन्हाळ्यात जास्त बाष्पीभवन.

धरणाच्या खाली कालव्यांच्या बाजूनं उसाचे पट्टे दिसतात. कालवा जिथे संपतो तिथे तो गडद रंगही संपतो. नकाशावर सिंचनाचं क्षेत्र वाचणं वेगळं आणि ते असं संपताना बघणं वेगळं. बाबा काही बोलले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "आपल्याकडे असा पट्टा दिसंन का?"

पायऱ्या आणि वाटी

गोदावरी ओलांडली की जमीन हळूहळू उंच होते आणि सपाट माथ्याच्या टेकड्या लागतात. कुणीतरी सुरीनं वरचा भाग कापून टाकल्यासारख्या. याचं कारण आपल्या पायाखालचा दगड. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. नंतर ऊन-पावसानं मऊ थर झिजले, कडक थर टिकले. म्हणून टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. इंग्रजीतलं "डेक्कन ट्रॅप" हे नावही पायरीसाठीच्या युरोपातल्या शब्दावरूनच आलंय. हे थर लक्षात ठेवा, बोअरच्या वेळी लागतील.

टेकऑफनंतर साधारण अठ्ठाविसाव्या मिनिटाला डावीकडे, समोर आणि सरळ खाली यांच्या मध्ये नजर ठेवा. लोणार! फोनवर बघायची गरजच पडली नाही. बाबाच ओरडले, "हे तं लोणार व्हय! कमळजादेवीले उतरलो होतो आपण, तू कडेवर होता." पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून बघितलं.

लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे खिडकीतून साधारण तीन अंगठे. रस्त्यानं गेलात तर काठावर पोहोचेपर्यंत काहीच दिसत नाही. वरून मात्र आखून काढल्यासारखं वर्तुळ. अशनी तिरका आला असला तरी विवर गोल का होतं? कारण तो इतक्या वेगानं आदळतो की आदळण्यापेक्षा स्फोटच जास्त होतो, आणि स्फोट चारही बाजूंना सारखा पसरतो. वयाबद्दल दोन आकडे ऐकू येतात. जुन्या मोजणीत सुमारे ५० हजार वर्षं यायची, नंतरच्या आर्गॉन पद्धतीनं साधारण ५ लाख ७० हजार वर्षं आली. २०२० च्या जूनमध्ये इथलं पाणी गुलाबी झालं होतं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत गेलं.

पण आजच्या विषयासाठी महत्त्वाचं हे: लोणार ही बंद वाटी आहे. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला नदी नाही. ते फक्त उन्हानं उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून पाणी खारं. या वाटीतून पुढे आठ मिनिटं जे दिसतं ते बरोबर उलटं आहे. तिथे पाणी थांबतच नाही.

वाशीम जिल्हा, आठ मिनिटं

विमान मिनिटाला तेरा किलोमीटर जातं. रिसोडपासून कारंजाच्या पुढेपर्यंत अख्खा जिल्हा आठेक मिनिटांत सरतो. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा, आणि चहाचा कप संपायच्या आत मागे.

आधी रिसोडजवळ पैनगंगा ओलांडतो. नदी बारीक, वळणावळणाची, आणि तिच्यावर अंतराअंतरानं बांधलेले बॅरेज. त्यांच्या मागे पाण्याच्या लांबट पट्ट्या चमकतात. मग वाशीम शहर जवळजवळ पायाखाली येतं, म्हणून नीट दिसत नाही. शहराला पाणी देणारा एकबुर्जी तलाव शोधा, त्यावरून जागा कळते.

आता नजर डावीकडे मालेगावच्या बाजूला न्या आणि नद्यांऐवजी नाले बघा. पिंपळाच्या पानावर कशा शिरा असतात? मधली जाड, तिला बारीक फुटलेल्या, त्यांना आणखी बारीक. जमिनीवर नाल्यांचं जाळं तसंच दिसतं. आता अशी दोन पानं कल्पा, ज्यांची टोकं एकमेकांकडे आहेत. एका पानाच्या शिरा तुमच्याकडे, दक्षिणेला उतरतात. दुसऱ्याच्या पलीकडे, उत्तरेला. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा आहे जिथे शिरा नाहीत. तो पट्टा म्हणजे पाणलोटाचा माथा, जलविभाजक.

सह्याद्रीवर पाणी दोन समुद्रांकडे वाटलं जातं हे आपण शाळेत शिकतो. पण तशीच वाटणी वाशीमच्या माथ्यावर होते हे मला एकाही वर्षी कुणी शिकवलं नाही. दक्षिणेला पडलेला पाऊस पैनगंगेत, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला. उत्तरेला पडलेला पाऊस काटेपूर्णेत. ती आपल्याच जिल्ह्यात उगम पावते, अकोला जिल्ह्यात महानच्या धरणात अडते, पुढे पूर्णा, मग तापी, आणि सुरतेजवळ अरबी समुद्र. एकाच ढगातले दोन थेंब, मध्ये एक पांदण, आणि दोन वेगळे समुद्र.

मी बाबांना स्क्रीनवर आमचं गाव दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं नाही. बाहेर बोट दाखवलं. "तो पाय तलाव. त्याच्यावरतं महादेवाची टेकडी. त्याच्या अंगानं आपलं वावर." जीपीएसचा ठिपका आणि त्यांचं बोट एकाच जागी होतं.

मग मी म्हणालो, "बाबा, आपलं वावर उत्तरेच्या अंगाला आहे. आपलं पाणी काटेपूर्णेत जातं. अकोल्याला महानच्या धरणातूनच पाणी जातं."

"म्हंजे अकोल्याचे लोक आपलं पाणी पेतात?"

"थोडं तरी."

"अन् आपण टँकरचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरी बोअर

आता वाद सांगतो. आमच्या पाच एकरात एक जुनी विहीर आणि दोन बोअर. विहीर जानेवारीपर्यंत पुरते. पहिल्या बोअरला दोन वर्षं बरं पाणी होतं, मग कमी होत गेलं. दुसऱ्या बोअरला नुसता धुरळा निघाला. दोन्हींत मिळून लाखावर रुपये गेले. तरी बाबांना तिसरी हवी होती, कारण पाणाड्यानं जागा दाखवली होती. नारळ हातावर उभा राहिला म्हणे. पैसे मी द्यायचे होते, दिवाळीच्या बोनसमधून. मी "नाही" म्हणालो की त्यांना वाटायचं पोरगा पैशाला बघतोय. "हो" म्हणालो असतो तर मला वाटलं असतं की पैसे भोकात टाकतोय. या मुद्द्यावर आम्ही दोन महिने धड बोललो नव्हतो.

लाव्ह्याच्या थरांकडे परत येऊ. बेसॉल्ट हा काळा दगड स्वतः पाणी धरत नाही. पाणी राहतं ते तीन ठिकाणी: वरच्या कुजलेल्या मुरुमात, थरांमधल्या सच्छिद्र भागात आणि भेगांमध्ये. हे सगळं पावसानंच भरतं. माथ्यावर मुरुमाचा थर पातळ असतो, आणि जे मुरतं तेही आडवं सरकत उताराला निघून जातं. म्हणून आमची विहीर जानेवारीत आटते आणि खालच्या शिवारातली मार्चपर्यंत टिकते. विहीर तीच, दगड तोच, फक्त जागा वेगळी.

बोअर खोल नेली म्हणजे पाणी वाढलं असं होत नाही. खोलवर एखादी भेग लागली तर लागली. पण त्या भेगेला वरून भरणारं क्षेत्र छोटं असेल तर पंप काही दिवसांत ती रिकामी करतो. आमच्या पहिल्या बोअरचं तेच झालं असावं. माथ्यावर बोअर लागतच नाही असं मी म्हणत नाही. पण तिथे ती जास्त करून नशिबावर असते, आणि दरवेळी पैसे तेवढेच जातात.

हे सगळं मी बाबांना आधी फोनवर दोनदा सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणायचे, "तुले काय मालूम पुण्यात बसून." त्या दिवशी मी फार काही बोललो नाही. ते स्वतःच बघत होते. नाले कुठून सुटतात, कुठे मिळतात, आपलं वावर त्या पानाच्या कुठल्या टोकाला आहे. थोड्या वेळानं म्हणाले, "आपल्या वरतं तं काहीच नाही. पाणी येईन कुठून?"

तोपर्यंत विमान उतरणीला लागलं होतं.

कारंजा ते नागपूर

यापुढचं पटकन. डावीकडे एक लांबलचक फिकट रेघ दिसते, ना गावात शिरते ना नाल्याला वळते. तो समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला. जुने रस्ते गावाला गाव जोडत गेले म्हणून वाकडे, हा मुंबई-नागपूर जोडायला केला म्हणून सरळ.

कारंजाच्या आसपास निळे-चंदेरी चौकोन चमकतात. ती प्लास्टिक अंथरलेली शेततळी. निसर्गात इतका नेमका चौकोन नसतो, म्हणून लगेच ओळखू येतात. २०१६ पासून "मागेल त्याला शेततळे" योजनेत अशी तळी झाली. बाबांनी मोजायला सुरुवात केली. चौदापर्यंत गेले, मग ढग आला.

पुलगावजवळ वर्धा नदी, मग नागपूर. या शहराच्या सोनेगाव विमानतळाची एक गोष्ट मला फार आवडते. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं मध्यरात्री इथे यायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. म्हणजे आमच्या आजोबांच्या तरुणपणीही वाशीमच्या आसपासच्या आभाळातून विमान जात होतं. फक्त खिडकीतून दिसायला खाली एकही दिवा नसेल.

जमिनीवर

नागपूरहून गाडीनं परत. काही तासांपूर्वी वरून बघितलेला समृद्धी आता चाकाखाली. रस्त्यावरून माथा कळत नाही. चढ इतका हलका की गाडीचा गिअरही बदलत नाही. वरून पाहिला नसता तर मी तरी विश्वास ठेवला नसता.

घरी आल्यावर मी लॅपटॉप काढला. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानानं अकरा दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. तो ३० मीटर जाळीचा डेटा आज फुकट मिळतो. त्यातून पाणी कुठल्या चौकोनातून कुठल्या चौकोनात उतरतं हे शोधायला छोटा प्रोग्राम पुरतो. कोडिंग येत नसेल तर इस्रोच्या "भुवन" संकेतस्थळावर नकाशे बघा. आमचं वावर माथ्याच्या रेघेपासून चारशे मीटरवर निघालं. जुनी विहीर वावराच्या वरच्या कोपऱ्यात, पाणाड्यानं दाखवलेली जागा तिच्याही वर.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी वावराच्या खालच्या कोपऱ्यात गेलो, जिथून नाला सुटतो. तिथे उभं राहून हिशोब केला. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं ४ लाख लिटर. त्यातलं बरंचसं या नाल्यातून जातं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, उतरत्या काठांचं शेततळं केलं तर त्यात साधारण २२ लाख लिटर मावतं. हरभऱ्याला एकरी एक पाणी, ५ सेंटिमीटरचं, म्हणजे २ लाख लिटर. उन्हानं उडणारं सोडलं तरी पाच एकराला एक, जमलं तर दोन पाणी. हरभऱ्याला तेवढ्यानं फरक पडतो. ऊस होणार नाही. पैठणसारखा पट्टा आमच्याकडे दिसणार नाही, हे आता आम्हा दोघांनाही कळलंय.

बाबांचा आक्षेपही खरा होता. "तळ्यात वावरातली जागा जाईन ना." जाईल. जवळजवळ पाव एकर. पाच एकरवाल्याला पाव एकर कमी नसतं.

शेवटी ठरलं ते असं. या दिवाळीला बोअर नाही. उन्हाळ्यात जुन्या विहिरीचा गाळ काढायचा, वरच्या अंगाचे बांध नीट करायचे आणि तळ्यासाठी अर्ज करायचा. बोअरचा विचार पुढे केलाच, तर आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला जागा दाखवायची, नारळाला नंतर. ही अट बाबांनी मान्य केली, पण पूर्ण पटली असं नाही. परवा फोनवर म्हणाले, "खालच्या शिवारात एकाले दोनशे फुटावर लागलं." मी म्हणालो, "खालच्या शिवारात, बाबा." ते हसले. दोन महिन्यांपूर्वी हसले नसते.

तुम्ही जाल तेव्हा

थोडक्यात: जाताना "ए", येताना "एफ". पंख टाळा. ऑफलाइन नकाशा आदल्या दिवशी. फोन काचेजवळ. विसाव्या मिनिटाला नाथसागर, अठ्ठाविसाव्याला लोणार, चौतिसाव्याच्या आसपास वाशीम. ढग असतील तर नशीब. आणि घरातलं शेती करणारं माणूस सोबत असेल तर खिडकी त्यांना द्या. आपल्याला नाव कळतं, त्यांना जमीन कळते.

तुमच्या गावावरून कुठलं विमान जातं आणि तुमच्या वावरातलं पाणी कुठल्या समुद्राला जातं, शोधा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. निवडक पुढच्या भागात ऐकवतो. बाबांचा अडकित्ता मात्र गेला तो गेलाच. नवीन घेऊन दिलाय, पण "तसा नाही कापत" म्हणतात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!